मोटारी गप्प होत्या

बिरजू हलामी खांबावर चढला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. खाली चहूकडे मुरमटोल्याची शेतं इतकी शांत होती की वाऱ्यानं धानाच्या लोंब्या एकमेकींना घासल्याचं त्याला वर ऐकू येत होतं.

ही शांतता त्याच्या ओळखीची होती. बारा वर्षं लाईनमनची नोकरी केल्यावर कानालाही काही सवयी लागतात. शेतीच्या लाईनवर काम निघालं की तो आधी सबस्टेशनला फोन करायचा आणि ऑपरेटरकडून परमिट घ्यायचा. परमिट म्हणजे तिकडून लाईन बंद केल्याची आणि तो सांगेपर्यंत ती सुरू न करण्याची हमी. मग तो रस्त्याकडेच्या खांबावरचं स्विचचं हँडल खाली ओढायचा. लाईन गेली की शिवारभर घुमणारा मोटारींचा आवाज एकदम बसायचा, जणू कुणी भांड्यावर झाकण ठेवलं. ते झाकण पडलं की बिरजूचा कान म्हणायचा, चल, चढ. हा नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. पण बारा वर्षांत कान एकदाही चुकला नव्हता.

कालचं अर्धवट राहिलेलं काम होतं. वरच्या लोखंडी आडव्या पट्टीवरचा चिनीमातीचा चिमणीएवढा डमरू, म्हणजे तार पेलणारा इन्सुलेटर, तडकला होता, तो बदलायचा होता. काल अर्धं काम झालं तोच दुसऱ्या गावाहून फोन आला आणि बिरजूला उतरावं लागलं. आज तेच शेत, तोच खांब, तीच शिडी. कमरेचा पट्टा खांबाला अडकवून त्यानं हातमोजे चढवले.

"जोहार, बिरजू!"

खाली बांधावर पोचू उभा होता. पोचू हा गावचा भूम्या, म्हणजे गावदेवाची पूजा त्याच्या हातची. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, खांद्याला पाण्याचा तुंबा लटकवलेला. शिवेवरच्या देवाला धूप देऊन परत चालला होता.

"जोहार, बाबा," बिरजू वरूनच म्हणाला.

"आज काऊन चढला बे? आज पोलवा हाय ना."

बिरजू हसला. "कंपनीले कुठचा पोलवा, बाबा!"

"कंपनीले नसन," पोचू म्हणाला. "पन पाय ना, मोटारीसुद्धा बसल्या आज. अन तू चढला."

बिरजूचं हसू तोंडावरच राहिलं.

पोलवा म्हणजे मुरमटोल्याचा थांबायचा दिवस. धान पेरल्यापासून कापेपर्यंत, भूम्या सांगेल त्या त्या दिवशी, गावात कुणी नांगर धरत नाही, कोयता उचलत नाही, बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. शेतात विजेच्या मोटारी आल्या त्या वर्षी यावरून गावसभेत चांगलीच जुंपली होती. तरणी पोरं म्हणत होती, मोटार काय बैल आहे का, ती थोडीच थकते! तेव्हा पोचूच म्हणाला होता, "ते नसन थकत. पन तिच्या आवाजात जमीन झोपन का?" तेव्हापासून पोलव्याच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत शिवारातले सगळे स्टार्टर बंद होत.

म्हणजे मोटारी गावानं बंद केल्या होत्या. लाईननं नाही.

बिरजूनं वर पाहिलं. तीन तारा. सगळ्यात जवळची डोक्यापासून दीड हातावर. त्याचा उजवा हात तिच्याकडे जायला निघालेला, वाटेत थांबलेला. तारेकडे पाहून तिच्यात अकरा हजार व्होल्ट आहेत की काही नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. ती दोन्ही वेळा सारखीच दिसते. त्यानं हात खाली घेतला, इतका हळू की तो आपला नसून दुसऱ्या कुणाचा आहे असं त्याला वाटलं. पट्टा सोडला. एकेक पायरी उतरला. जमिनीला पाय लागले. तो तिथंच बांधावर बसला आणि त्यानं सबस्टेशनला फोन लावला.

"प्रणित, मुरमटोल्याचं परमिट माह्या नावानं हाय ना?"

"आज? नाई ना, भाऊ. पायजे का?" ऑपरेटर प्रणित चहा पीत असावा, फुरका ऐकू आला.

"साडेनवाले फोन केलतो ना तुले."

"तो काल, भाऊ. काल साडेनवाले घेतलं, बारा वाजता वापस केलं. आज तुमचा फोनच नाई आला."

"अन लाईन?"

"लाईन चालू हाय. काऊन? कुठी हात तुमी?"

बिरजूनं मोटारसायकलकडे पाहिलं. तारेवर आधी टाकून ती खरंच मेली आहे याची खात्री करायचा लांब दांडा, डिस्चार्ज रॉड, गाडीलाच बांधलेला होता. त्याची दोरीही सुटलेली नव्हती.

त्याला फोन केल्याचं आठवत होतं. हीच तर भीतीची गोष्ट होती. विसरणं त्याला समजलं असतं. पण त्याला सगळं लख्ख आठवत होतं. प्रणितचा खोकला, हँडलचा तळव्याला लागलेला गंज, ओढताना त्यावरून उडालेला कोतवाल पक्षी. सगळं खरं होतं आणि सगळं कालचं होतं. त्याच्या डोक्यानं कालचा दिवस उचलून आजच्या जागी ठेवला होता, आणि त्याला कळूही दिलं नव्हतं.

"पानी पे," पोचूनं तुंबा पुढे केला. बिरजूनं तो दोन्ही हातांनी धरून रिकामा केला.

*

गडचिरोलीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन कायम नोकरीला लागलेला बिरजू हा मुरमटोल्याचा पहिला माणूस. सुरुवातीला त्याच्याकडे अकरा गावं होती. चार वर्षांपूर्वी शेजारचा लाईनमन निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि अकराची तेवीस गावं झाली. तेवीस गावांत त्याचा नंबर भिंतींवर, चक्कीच्या दारावर, सरपंचांच्या खिशात. "बिरजूभाऊ हाय तर लाईन हाय," असं लोक म्हणत आणि त्याला ते आवडायचं. तो उभ्यानं जेवायचा. जेवताना फोन ताटाशेजारी असायचा. बायको रीना एकदा म्हणाली होती, "त्यालेबी वाढू का वरन-भात? तुमच्यापेक्षा तोच जास्त बोलते घरात." त्यावर तो हसला होता. काय म्हणाली ते मात्र त्यानं ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी तो अकरा वाजता घरी आला. पोलव्यामुळे अख्खं गाव घरी होतं. रीना अंगणात बाजेवर बसून मुलीची, प्रियाची, वेणी घालत होती. त्याला दारात पाहून तिच्या हातातली फणी खाली पडली.

"कोन गेलं?" तिनं विचारलं. दुपारच्या आधी नवरा घरी येणं याचा तिला दुसरा अर्थच माहीत नव्हता.

"कोनी नाई. आज पोलवा हाय म्हणून सांगतलं काऊन नाई मले?"

"काल सांगतलं. आज सकाळी चहा देतानी सांगतलं. तुमी म्हणलं, हो, करतो." रीना प्रियाकडे पाहून म्हणाली, "मी मनात म्हणलं, पोलव्याले हा मानूस काय करनार?"

प्रिया खुदकन हसली. बिरजू हसला नाही. तो बाजेच्या कडेला बसला.

"आनखी काय काय सांगतलं तू मले? एवढ्यात?"

रीनाला आधी ही थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा पाहून तिनं सांगायला सुरुवात केली. प्रिया शाळेच्या कबड्डीत आहे. रीनाच्या आईचा ताप महिनाभर हटला नव्हता, आता बरी आहे. मागच्या भिंतीला ओल आली आहे. "अन लाल गाय इकली आपन."

"कधी?"

"पोळ्याच्या आधी. तुमाले इचारून इकली जी. तुमी हो म्हणलं."

बिरजू उठून गोठ्यात गेला. गाईचा खुंटा मोकळा होता. खुंट्याला लागून त्याची मोटारसायकल उभी होती. आत्ताच त्यानं ती तिथं लावली होती. दोन महिने रोज तो तिथंच लावत होता. एवढी जागा आली कुठून, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. ती गाय त्याच्या लग्नात सासऱ्यानं दिलेल्या गाईची नात होती. ती चाटायची म्हणून तो गोठ्यात शिरताना शर्ट काढून ठेवायचा. कधीपासून त्यानं शर्ट काढणं सोडलं, हेही त्याला आठवेना.

तो बराच वेळ बाहेर आला नाही. रीना बघायला गेली तर तो खुंट्याला हात लावून उभा होता. तिथंच त्यानं तिला खांबाचं सांगितलं. दीड हात. कालचा फोन. पोचूबाबा.

रीनानं त्याच्या खिशातून फोन काढला, घरात नेला आणि धान ठेवायच्या बांबूच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून खाली दाबला. फोन धानात वाजत राहिला. तेवीस गावं ढोलीतून हाका मारत होती आणि घरातली तिघं माणसं ती ढोली पाहत बसली होती.

*

दुसऱ्या दिवशी रीनानं त्याला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी नाडी पाहिली, मग झोपेचं विचारलं, मग म्हणाल्या, "शेवटची सुट्टी कधी घेतली होती?"

बिरजूनं आठवायचा प्रयत्न केला. कागदावर त्याला आठवड्याची सुट्टी होती. तो रीनाकडे पाहू लागला.

"प्रियाच्या बारशाले," रीना म्हणाली. प्रिया चौथीत होती.

मॅडमनी लिहायचं थांबवलं. "मी पागल होऊन राह्यलो का?" बिरजूनं घाबरत विचारलं.

"नाही. तुम्ही थकला आहात. सगळे दिवस एकसारखे गेले की थकलेल्या डोक्याला काल आणि आज वेगळे ठेवता येत नाहीत. दिवसांना खुणा करा. जेवण बसून, फोनशिवाय. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत. आठवड्यातून एक दिवस काम नाही. आणि आठ दिवसांनी मला दाखवायला या. झोप आली नाही तर आपण गडचिरोलीला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ."

"अन गोळ्या?"

"आधी एवढं करा."

बाहेर आल्यावर बिरजू कुरकुरला, "हे काय औषध झालं? बसून जेवा म्हणे."

"मंग आज बसून जेवून दाखवा," रीना म्हणाली. त्या दुपारी ताटावर बसल्यावर तिसऱ्या घासाला त्याचा हात आपोआप फोन शोधू लागला. चौथ्या घासाला पुन्हा. जेवण संपेपर्यंत अकरा वेळा. मोजणारी प्रिया होती.

खरी अडचण सुट्टीची होती. साहेब म्हणाले, घ्या की, पण तुमची तेवीस गावं कोण पाहील? मग बिरजू पलीकडच्या सेक्शनच्या मुखरूकडे गेला. मुखरू त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, जाडजूड, बोलायला तिखट. तू माझा एक दिवस सांभाळ, मी तुझा मंगळवारचा बाजाराचा दिवस सांभाळतो, असं बिरजूनं सुचवलं.

"अबे, सरळ सांग ना, भेव लागला म्हणून," मुखरू म्हणाला.

"लागला," बिरजू म्हणाला. "लय लागला. चढूच नाई शकत. पंधरा दिवस झाले, शिडी लावतो अन काढतो. असंच राह्यलं तर नोकरी सोडा लागन."

मुखरूनं तोंडातला खर्रा थुंकला आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "मले रोज लागते बे."

बिरजूला धक्काच बसला. मुखरूला? जो पावसात चढायचा आणि वरून शिट्टी वाजवायचा?

"त्याच्यासाठीच तर वाजवतो शिट्टी," मुखरू म्हणाला. "कोनाले सांगू नको."

मुखरू तयार झाला, पण गावांनी सहजासहजी मानलं नाही. आपल्या सुट्टीच्या दिवशी फोन मुखरूकडे वळवायला बिरजू शिकला, पण आदल्या आणि नंतरच्या दिवशी टोमणे पडतच. "काय बिरजूभाऊ, पोलवा झाला का तुमचा? मंग आमच्या धानालेबी सांगा, आज तहान लागू देऊ नको!" मुरमटोल्यात मात्र कुणी काही बोललं नाही. तिथं पोचूनं सभेत एवढंच विचारलं होतं, "मोटारीले पोलवा दिला आपन. मोटार चालवनाऱ्या तारेवरच्या मानसाले काऊन नाई दिला?" ज्यांनी पोलव्याच्या दिवशीही बिरजूला फोन केले होते, ते जमिनीकडे पाहत बसले.

आता राहिला खांब. तिथं डॉक्टर मॅडमचं एक वाक्य कामी आलं, दिवसांना खुणा करा. बिरजूनं स्वतःच एक पद्धत बसवली. चढायच्या आधी खांबाला हात लावून तो मोठ्यानं वार म्हणायचा, आणि मग फक्त आजच्याच अशा दोन गोष्टी. सकाळी काय खाल्लं, वाटेत काय दिसलं. कालची गोष्ट चालणार नव्हती. दोन गोष्टी आठवल्या नाहीत तर चढायचं नाही. आठवल्या की फोन लावून त्या प्रणितला सांगायच्या, प्रणितनं वार, वेळ आणि लाईनचं नाव परत म्हणायचं, मग हँडल, मग रॉड. कानावर भरवसा नाही.

पहिल्या दिवशी प्रणित फोनवर हसत सुटला. "भाऊ, परमिट घेऊन राह्यले का रेडिओवर बातम्या देऊन राह्यले?"

"तू वार म्हण फक्त."

"शनिवार, भाऊ. अन माह्या घरी आज वांगे." आठवडाभरात त्यालाही गोडी लागली. त्या पोलव्यानंतर तेवीस दिवसांनी बिरजू पहिल्यांदा वर गेला. हात कापत होते, पण ते आज कापत होते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

*

दिवाळी होऊन गेली. धान पिवळं पडलं, पाण्याची गरज संपली आणि शिवारातल्या मोटारी हंगामापुरत्या थांबल्या. आता मुरमटोल्यात रोजच शांतता होती. डमरू बदलून झाला होता, पण त्या खांबाची आडवी पट्टी बदलायची बाकी होती. बिरजूनं शिडी लावली, खांबाला हात लावला.

"आज गुरुवार. सकाळी अंबाडीची भाजी खाल्ली. नाल्याजवळ मोर आडवा गेला." त्यानं फोन लावून तेच प्रणितला सांगितलं.

"हो, भाऊ," प्रणित म्हणाला. "आज बुधवार, नऊ चाळीस, मुरमटोला लाईन बंद. परमिट दिलं. घ्या."

बिरजूचा हात खांबावरून आपोआप निघाला.

"वार सांग परत."

"बुधवार."

"प्रणित, सकाळी काय खाल्लं तू?"

पलीकडे चहाचा फुरका थांबला. मग प्रणितचा आवाज आला, पार बसलेला. "भाऊ... मले आठवून नाई राह्यलं. दुसरा ऑपरेटर सुट्टीवर हाय. परवापासून मीच हावो इथी."

"खुर्चीवर बस. कशालेच हात लावू नको. येतो मी."

सबस्टेशन चौदा किलोमीटर. बिरजू पोचला तेव्हा प्रणित पॅनलसमोर खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर, सांगितलं होतं तसेच. डोळे उघडे, पण पापणी लवत नव्हती. बिरजू त्याच्याशी बोलायच्या आधी पॅनलकडे गेला. तिथं हिरवा दिवा म्हणजे लाईन बंद, लाल म्हणजे चालू. शेजारच्या लाईनचा दिवा हिरवा होता. मुरमटोल्याचा लाल.

त्यानं तो लाल दिवा पाहिला. पुन्हा पाहिला. मोटारी गप्प, वारा गप्प, शिडी लावलेली, परमिट दिलेलं. सगळं बरोबर दिसत होतं. चुकला होता फक्त एक वार.

"भाऊ, बंद केली ना मी?" प्रणितनं मागून विचारलं.

बिरजूनं आपला डबा उघडला, प्रणितच्या हातात अंबाडीची भाजी आणि भाकर दिली आणि त्याच्या टेबलावरचा फोन उचलून साहेबांना लावला.

"सायब, मुरमटोल्याचं काम आज होत नाई. तिच्या जागी चुकून शेजारची लाईन बंद झाली हाय, तेबी मी आत्ता चालू करू देनार नाई. प्रणित परवापासून एकटाच हाय इथी, दुसरा ऑपरेटर पाठवा." पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. तेवढ्यात दुसरा फोन वाजू लागला, ज्यांची वीज गेली होती ती गावं प्रणितच्या खिशातून हाका मारू लागली. बिरजूनं तो फोन काढून टेबलाच्या खणात ठेवला.

"नाई, सायब," तो म्हणाला, "उद्या नाई. आत्ता. तो येत नाई तवरी मी दारात बसून हावो."

आणि तो खरंच दारात, पॅनलकडे पाठ करून बसला. मागे प्रणित भाकर चावत होता. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, जणू फार लांबून.

"अंबाडी. भाऊ, आज अंबाडी खाल्ली मी."

"वार कोनता?" बिरजूनं मान न वळवता विचारलं.